आर्जिनिन घ्यावे की सिट्रुलिन? भरतीच्या धावण्याची तयारी करणाऱ्यांसाठी

लातूर, परभणी, बीडकडे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे मैदानावर उतरतात, तेव्हा त्यांच्यासमोर मुलांसाठी 1600 मीटर आणि मुलींसाठी 800 मीटर धावण्याचे 20 गुण असतात. हे गुण मिळवण्यासाठी ‘रक्तप्रवाह वाढवणारी’ पावडर घ्यावी का, हा प्रश्न जिममध्ये हमखास निघतो. दुकानदार बहुधा आर्जिनिन किंवा सिट्रुलिन यांपैकी एखादा डबा पुढे करतो.

दोन्ही अमिनो आम्लांमागचे तत्त्व एकच आहे. शरीर आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात. याच वायूच्या कार्याचा शोध लावल्याबद्दल 1998 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल देण्यात आले. मग थेट आर्जिनिनच का घेऊ नये? कारण तोंडाने घेतलेल्या आर्जिनिनचा बराच भाग आतड्यात आणि यकृतातच मोडला जातो. सिट्रुलिन मात्र यकृताच्या तावडीतून सुटून मूत्रपिंडापर्यंत पोहोचते आणि तेथे त्याचे आर्जिनिन बनते. त्यामुळे रक्तातील आर्जिनिन वाढवायचे असेल, तर आर्जिनिनपेक्षा सिट्रुलिनच अधिक उपयोगी पडते, ही वरवर उलटी वाटणारी गोष्ट खरी आहे. शिवाय आर्जिनिनची मात्रा 10 ग्रॅमच्या आसपास गेली की अनेकांना जुलाब होतात, आणि धावण्यापूर्वी त्यासारखा त्रास दुसरा नाही. म्हणून या दोघांतच निवड करायची असेल, तर आर्जिनिन बाजूला ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिट्रुलिनमध्येही साधे आणि मॅलेटयुक्त (म्हणजे मॅलिक आम्लासोबत असलेले) असे दोन प्रकार मिळतात. साधे 3 ते 6 ग्रॅम आणि मॅलेट 6 ते 8 ग्रॅम, व्यायामाच्या साधारण तासभर आधी घेतात. मॅलेटच्या डब्यावर 2:1 असे प्रमाण लिहिलेले असते, म्हणजे दोन भाग सिट्रुलिन आणि एक भाग मॅलेट. ते वजनाचे धरले, तर 8 ग्रॅममध्ये सिट्रुलिन सुमारे 5.3 ग्रॅमच भरते. त्यामुळे दोन डब्यांची तुलना करताना पावडरच्या नव्हे, तर सिट्रुलिनच्या ग्रॅममागे किती रुपये पडतात, ते काढावे. वजने उचलताना शेवटच्या एकदोन आवृत्त्या जास्त होतात, असे काही प्रयोगांत दिसले, तर काहींत काहीच फरक पडला नाही. धावण्याच्या बाबतीत पुरावा त्याहून कमकुवत आहे. सिट्रुलिन हे नावच मुळी टरबुजाच्या शास्त्रीय नावावरून आले आहे, पण आपल्याकडे उन्हाळ्यात ढिगाने मिळणारे टरबूज खाऊन ही मात्रा गाठायची म्हटले, तर किलोभर गरात एक ते तीन ग्रॅमच हाती लागते.

धावणाऱ्याने खरे तर बीटाच्या रसाकडे आधी पाहावे. तो अमिनो आम्ल नसला, तरी त्यातील नायट्रेटपासूनही नायट्रिक ऑक्साइडच बनते, आणि काही मिनिटांच्या जोरकस धावण्यात त्याचा उपयोग होतो याचा पुरावा सिट्रुलिनपेक्षा बळकट आहे. तो दोन-तीन तास आधी प्यावा लागतो. त्या दिवशी जंतुनाशक माउथवॉश मात्र वापरू नये, कारण नायट्रेटचे रूपांतर जिभेवरचे जिवाणूच सुरू करतात. लघवी लाल झाली, तर घाबरू नये.

आता ज्यांनी यापैकी काहीच स्वतःच्या मनाने घेऊ नये, त्यांच्याविषयी. रक्तदाबाच्या गोळ्या, छातीदुखीवरील नायट्रेटची औषधे किंवा सिल्डेनाफिल (लैंगिक दुर्बलतेवरील गोळी) घेणाऱ्यांचा रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आर्जिनिनपासून दूरच राहावे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अशा रुग्णांपैकी आर्जिनिन घेणाऱ्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. मुलाने आणलेला डबा घरी वडीलही चाखून पाहतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

घ्यायचेच ठरले, तर साध्या सिट्रुलिनचा, 14 अंकी अन्न परवाना क्रमांक छापलेला आणि इतर काही न मिसळलेला लहान डबा घ्यावा, आणि तो प्रथम सरावाच्या दिवशी, पुरेसे पाणी पिऊन वापरून पाहावा; चाचणीच्या सकाळी पहिल्यांदा नव्हे.