कॉलेजचे कौन्सेलर, १४४१६, खासगी सेशन की सरकारी ओपीडी?

दुसऱ्या वर्षाला असताना माझी रूममेट तीन आठवडे लेक्चरला गेली नाही. मेसचा डबा न उघडताच परत जायचा. अंघोळीलाही मीच उठवायचे. कुणाकडे जायचं हे ठरवण्यातच आमचे चार दिवस गेले. तिच्यासारख्या कुणासाठी, किंवा शेजारच्या कॉटवर जागं राहणाऱ्यासाठी हे लिहितेय.

आधी महत्त्वाचं. जीव द्यावासा वाटत असेल तर तुलना करत बसू नका. १४४१६ (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन नंबर) लावा, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. पोलीस केसच्या भीतीने कुणी थांबू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं. वेगळं काही सिद्ध झालं नाही तर तिला शिक्षा होत नाही.

कॉलेजचे कौन्सेलर फुकट आणि हाकेच्या अंतरावर. त्यांची खरी ताकद अशी की अटेंडन्स, सबमिशन, एटीकेटी यातलं त्यांना सगळं समजतं आणि विभागप्रमुखांशी बोलून ते मुदत वाढवून घेऊ शकतात. बाहेरच्या कुणाला ते जमणार नाही. अडचण आडोशाची. आमच्याकडे ती केबिन स्कॉलरशिपच्या खिडकीसमोर होती, रांगेतल्या प्रत्येकाला आत कोण जातंय ते दिसायचं. रूममेट दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. शिवाय काही ठिकाणी एखाद्या प्राध्यापकांनाच हा जादा कार्यभार दिलेला असतो, मग ज्यांच्या हातात इंटर्नलचे मार्क त्यांच्यासमोर रडायचं कसं? शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. तेव्हा कौन्सेलरचं शिक्षण काय झालंय हे विचारायला लाजू नका. आणि पहिल्याच भेटीत विचारा, "मी सांगेन ते घरी कळेल का?" जिवाला धोका असेल तरच, बाकी काही बाहेर जाणार नाही, असं स्पष्ट उत्तर मिळायला हवं. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

टेलि-मानस, म्हणजेच १४४१६, ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. आम्ही रात्री अकराला हॉस्टेलच्या गच्चीवरून फोन लावला. पहिली दोन मिनिटं ती नुसती रडली आणि पलीकडच्या ताई थांबल्या. कुणी बघत नाही, नाव सांगायची सक्ती नाही, हे तिला फार मोलाचं वाटलं. मात्र पुढच्या वेळी तीच व्यक्ती फोनवर येईल याची खात्री नसते, मग पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. फोनवर बोलताना शब्दच फुटत नसतील तर टीआयएसएसची (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आयकॉल ही समुपदेशन सेवा बघा, तिथे ईमेलवरही बोलता येतं.

खासगीकडे दर आठवड्याला तोच माणूस, तोच तास, बंद दार. घरातले जुने ताण, ब्रेकअप, शोषण अशा महिनोन् महिने उलगडाव्या लागणाऱ्या गोष्टींसाठी मी हाच रस्ता सुचवेन. पण पुण्या-मुंबईत एका सेशनचे हजार-दीड हजार सहज जातात, आणि चार आठवड्यांत मेसच्या बिलाहून मोठा आकडा होतो. विद्यार्थ्यांसाठी फी कमी करणारे बरेच जण आहेत, विचारल्याशिवाय कळत नाही. ठाण्याची आयपीएच ही मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली मानसिक आरोग्य संस्थाही जरूर बघा.

सरकारी ओपीडीबद्दल मुलांच्या मनात सगळ्यात जास्त भीती असते आणि ती मला सगळ्यात चुकीची वाटते. पुण्यात "येरवड्याला पाठवा" (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) हा टोमणा ऐकत वाढलेल्याला मानसोपचार विभागाची पाटीच नको होते. प्रत्यक्षात केसपेपर, बाकडं, नंबर, इतर कुठल्याही ओपीडीसारखंच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्हा रुग्णालयांतही, उपचार मोफत आहेत. डॉक्टरांना गर्दीमुळे वेळ कमी मिळतो, तासभर बोलणं होणार नाही. पण झोप उडालीय, जेवण सुटलंय, आठवडेच्या आठवडे उठवत नाही, अशा वेळी तपासून गोळ्या लागतात का हे मानसोपचारतज्ज्ञच ठरवू शकतात. कौन्सेलर औषध लिहून देत नाहीत.

म्हणून माझं मत असं. परीक्षा, अटेंडन्सचा ताण असेल तर कॉलेजचे कौन्सेलर. रात्री मन आवरत नसेल, कुणाला काही कळू द्यायचं नसेल तर १४४१६. खोल जखम असेल आणि पैशांची सोय होत असेल तर खासगी. शरीरच साथ सोडत असेल तर थेट ओपीडी, आणि जाताना कुणालातरी सोबत न्या.

फोनवरच्या ताईंनी आम्हालाही तेच सांगितलं होतं. बुधवारी सकाळी नऊला आम्ही रांगेत होतो. नंबर येईपर्यंत तिने माझ्या डब्यातली अर्धी पोळी खाल्ली.