साडेसहा हजारांचा 'ओरिजिनल' फोल्डर

लालबागला आमची एकच खोली. लेक झोपली की दिवा मालवून, ब्राइटनेस अगदी तळाला नेऊन मी मोबाइलवर वाचते. त्या मंद उजेडात राखाडी भागावर हिरवट डाग दिसायला लागले, फोटोतल्या सावल्या नुसत्या काळ्याठिक्कर. दिवसा मात्र स्क्रीन लख्ख.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका गाळ्यात दाखवला. पोराने ब्राइटनेस खाली ओढला, क्षणभर बघितलं. "ताई, फोल्डर गेलाय." फोल्डर म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले. "आता हिरवी लाइन येणार. ओरिजिनल टाकतो, साडेसहा हजार." त्या हिरव्या लाइनलाच मी घाबरले. जुना फोल्डर मागितला तर म्हणे, तो धरूनच भाव सांगितलाय. बिल म्हणून कार्डामागे आकडा खरडून दिला. तेव्हाच उठायला हवं होतं.

घरी बोटाने लॉक उघडेना. "दोन दिवसांत सेट होईल," फोनवर उत्तर. रात्री अंधारात काळा फोटो उघडला आणि पोटात गोळाच आला. आख्खा स्क्रीन निळसर धुरकट, कडांना जास्तच. ओलेड स्क्रीनमध्ये काळा पिक्सेल, म्हणजे स्क्रीनचा बारीक ठिपका, चक्क विझलेला असतो. एलसीडी स्क्रीनमध्ये मागचा दिवा कायम पेटता, म्हणून काळाही उजळतो. माझा ओलेड काढून एलसीडी कॉपी बसवली होती. काचेखालच्या सेन्सरला त्यातून बोट दिसणार कसं? गाळ्यातच फोन ओढणीखाली धरून काळा फोटो बघितला असता, तर दोन मिनिटांत कळलं असतं.

खरी हळहळ पुढेच आहे. मावसभाऊ हेच काम करतो. तो म्हणाला, "अगं, फोल्डर चांगलाच होता." तळाच्या ब्राइटनेसला पिक्सेलला जेमतेम करंट मिळतो, मग पिक्सेलांमधला बारीकसा फरकही डाग होऊन दिसतो. ब्राइटनेस थोडा वर ठेवायचा आणि अँड्रॉइड १२ पासून आलेलं 'एक्स्ट्रा डिम' सेटिंग लावायचं. आयफोनवर 'रिड्यूस व्हाइट पॉइंट'. त्याने चित्रच गडद होतं, ब्राइटनेस तळाला न्यावा लागत नाही. वहिनीचा फोन माझ्याच मॉडेलचा, तसेच डाग. त्यावर करून दाखवलं, डाग जवळजवळ गेले. फुकटात!

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर गेले. आधी तो पोरगा म्हणाला, "चालू करून दाखवला होता ना?" दाखवला होता, ट्यूबलाइटखाली. मी तिथेच ओढणी डोक्यावरून घेतली, काळा फोटो लावला आणि त्याला आत बघायला लावलं. तो एकदा शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, ओलेड हवा असेल तर आणखी चार हजार लागतील."