इटलीतले पूर्वज शोधताना: लग्नाचं रजिस्टर की लग्नाची फाइल?

माझ्या सासूबाईंचं घराणं दक्षिण इटलीतल्या मोलीझेमधलं, डोंगरातल्या एका लहान गावचं. त्यांच्या घराण्याचा माग काढताना मी दोन्ही कागद भरपूर वाचले: लग्नाच्या रजिस्टरातली नोंद, म्हणजे आत्तो, आणि त्या लग्नासाठी नगरपालिकेत जमा केलेल्या कागदांचा गठ्ठा, म्हणजे प्रोचेस्सेत्ती. ‘आंतेनाती’ या सरकारी पोर्टलवर बऱ्याच जिल्ह्यांचे दोन्ही फुकट पाहता येतात. वेळ थोडा असेल तर आधी काय उघडावं, हा प्रश्न मला आता अनेक जण विचारतात.

रजिस्टरची बाजू आधी मांडतो, कारण सुरुवात तिथूनच करावी लागते. वर्षाच्या शेवटी बहुतेक वेळा नावांची सूची असते, त्यामुळे दहा मिनिटांत नोंद सापडते. 1816 नंतरच्या नेपल्सच्या राज्यातल्या पानांवर दोन भाग दिसतात. एका बाजूला महापौरासमोर दिलेलं लग्नाचं वचन, दुसऱ्या बाजूला चर्चमध्ये लग्न कधी लागलं त्याची पाद्र्याने दिलेली तारीख. बाईचं नाव कायम माहेरचंच. आपल्याकडे लग्नानंतर नाव-आडनाव दोन्ही बदलल्यामुळे पणजीचं माहेर शोधताना जो घोळ होतो, तो इथे होत नाही. वडिलांच्या नावाआधी ‘दी’ असेल तर ते हयात, ‘फू’ असेल तर वारलेले. आपण ‘कै.’ लावतो तसंच. एक सावधगिरी मात्र हवी: तारखेत 7 लिहून पुढे ‘ब्रे’ असेल तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे.

मला अडवलं ते नावांनी. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत तिथेही आहे, आणि एका गावात आडनावं मोजकीच. मला हव्या असलेल्या निकोलाचं लग्न 1836 सालचं, वय 23, वडील ‘फू’ दोमेनिको, आई मारिया. आईच्या आडनावावर शाई पसरलेली. जन्माच्या रजिस्टरात गेलो तर दोन निकोला निघाले, एक 1812चा, एक 1813चा. दोघांचे वडील दोमेनिको, दोघांच्या आया मारिया. ते दोमेनिको एकमेकांचे चुलतभाऊ, दोघांची नावं एकाच आजोबांवरून ठेवलेली. लग्नाच्या नोंदीतलं वय अंदाजे सांगितलेलं असतं, त्यामुळे 23 हा आकडा दोघांनाही लागू पडत होता. मी 1812चा धरला आणि चार महिने त्या शाखेवर घालवले. सासूबाईंना दोन पिढ्यांची नावंही वाचून दाखवली होती. ती परक्याची निघाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

उत्तर त्याच नोंदीत खाली होतं: लग्नासाठी कोणकोणते कागद जमा केले त्याची यादी. तो नोंदीचा क्रमांक घेऊन त्या वर्षाचा गठ्ठा उघडला. इथे सूची नाही, पानं शेकड्यांनी, एकामागून एक सरकवत जावं लागतं. मला दोन संध्याकाळी लागल्या. पण त्या क्रमांकाखाली निकोलाच्या जन्माचा उतारा होता, 1813चा, आईच्या पूर्ण नावासकट. पाठोपाठ वडिलांचा मृत्यूचा दाखला. आणि त्यामागे एक लहान, कडा खाल्लेला कागद: आजोबांच्या मृत्यूची पाद्र्याने चर्चच्या वहीतून उतरवून दिलेली नोंद, 1797ची.

वडील नसतील तर लग्नाला आजोबांची संमती लागे. आजोबाही नसतील तर ते वारल्याचा पुरावा. म्हणून तो कागद तिथे आहे. मोलीझेत नागरी नोंदणी 1809मध्ये सुरू झाली, त्यामुळे सरकारी रजिस्टरांत हा माणूस मला कधीच सापडला नसता.

अर्थात प्रत्येकाला फाइलची गरज पडेलच असं नाही. आडनाव दुर्मीळ असेल, किंवा लग्न 1866 नंतरचं असून नुसती तारीख आणि आईवडिलांची नावं हवी असतील, तर रजिस्टर पुरतं. नागरिकत्वासारख्या कामासाठी लागतो तो नगरपालिकेने दिलेला लग्नाच्या नोंदीचा अधिकृत उताराच, तिथे या गठ्ठ्याचा उपयोग नाही. शिवाय सगळ्याच गावांचे गठ्ठे टिकलेले नाहीत, तेव्हा आपल्या गावाचे आहेत का ते आधी पाहून घ्यावं.

पण लग्न 1865 आधीचं, गाव लहान आणि नाव निकोला-दोमेनिकोसारखं घरोघरचं असेल, तर माझ्या मते रजिस्टरातून फक्त क्रमांक उचलावा आणि सरळ फाइलकडे जावं. मी आता फाइल पाहिल्याशिवाय वंशावळीत एकही नाव शाईने लिहीत नाही. 1797चा तो कागद छापून सासूबाईंना दिला. वाचता येत नसूनही त्यांनी त्यावरची पाद्र्याची सही बराच वेळ बोटाने गिरवली.