कॉस्मिकवॉच म्यूऑन डिटेक्टर: घ्यायचा तर जोडीनेच घ्या

वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण आणि ते हवेवर आदळून तयार होणारे म्यूऑन, मोजायला कोट्यवधींची प्रयोगशाळाच लागते, हा समज या तळहाताएवढ्या डबीने खोटा ठरवला. तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटीत असलेले स्पेन्सर अक्सानी आणि जॅनेट कॉनरॅड व पोलंडच्या काताझिना फ्रँकिएविच यांनी तिचा आराखडा केला. सर्किट, पीसीबीच्या (छापील सर्किट बोर्डाच्या) फायली, कोड, सुट्या भागांची यादी असं सगळं त्यांनी खुलं ठेवलं आहे. मूळ हिशेबात एका डिटेक्टरचे सुटे भाग सुमारे १०० डॉलरमध्ये बसतात. इथला आढावा आर्डुइनो नॅनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर चालणाऱ्या दुसऱ्या आवृत्तीचा आहे.

महत्त्वाचं आधी सांगायला हवं. एकटा डिटेक्टर हा खऱ्या अर्थाने म्यूऑन डिटेक्टर नाही. समुद्रसपाटीला आडव्या ठेवलेल्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो. यातला सिंटिलेटर (कण गेला की चमकणारी प्लास्टिकची वडी) ५ बाय ५ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे मिनिटाला २५ च्या आसपास, सेकंदाला जेमतेम ०.४. पण काँक्रीटच्या खोलीत पडद्यावर पुष्कळदा सेकंदाला एक-दोन नोंदी दिसतात. हा फरक भिंतींतल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० आणि थोरियमच्या, शिवाय हवेतल्या रेडॉनच्या गॅमा किरणांचा. एकाच डबीचे आकडे घेऊन ‘आमच्या शाळेत इतके वैश्विक किरण येतात’ असा तक्ता प्रदर्शनात लावला, तर त्यातला मोठा भाग विटा आणि खडीचा असतो. दोन डिटेक्टर एकावर एक ठेवून दोन्हींत एकाच वेळी आलेलाच पल्स (विजेचा क्षणिक झटका) मोजला की गॅमा जवळजवळ गळून पडतात. म्हणून पैसे एकाचेच असतील तर थोडं थांबा.

आतली रचना सुरेख आहे. १ सेंटिमीटर जाडीच्या प्लास्टिक सिंटिलेटरमधून सरळ जाणारा म्यूऑन साधारण २ एमईव्ही (२० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा सोडतो आणि त्यातून सुमारे २०,००० फोटॉन (प्रकाशकण) निघतात. ते टिपायला ६ मिलिमीटरचा चौकोनी सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर हा प्रकाशाचा सेन्सर आहे. पूर्वी या कामाला काचेची फोटोमल्टिप्लायर नळी आणि हजारभर व्होल्ट लागत, इथे सुमारे २९.५ व्होल्ट पुरतात आणि तेही यूएसबीच्या ५ व्होल्टांतून बूस्टर बनवतो. पल्स वाढवला जातो, मग पीक डिटेक्टर त्याचा माथा नॅनोला वाचता येईल इतका वेळ धरून ठेवतो. नॅनो तो ० ते १०२३ या आकड्यांत मोजतो.

खरा कस जुळणीत लागतो. सिंटिलेटरला अ‍ॅसिटोन कधीही लावू नका, पृष्ठभाग क्षणात धुरकट होतो आणि परत येत नाही. बोटांच्या तेलानेही काही महिन्यांत बारीक तडे दिसू लागतात, त्यामुळे हातमोजे घालूनच काम करा. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घट्ट गुंडाळायची आणि सेन्सरपुरतीच खिडकी कापायची. खिडकी मोठी झाली तर प्रकाश वाया जातो, लहान झाली तर फॉइलची कड सेन्सरवर येते. फॉइल सर्किटच्या पॅडला टेकली तर शॉर्ट होतो, म्हणून खिडकीच्या कडेने इन्सुलेशन टेप आधीच लावून घ्यावी. सेन्सर आणि सिंटिलेटर यांच्यामध्ये ऑप्टिकल जेलचा डाळीच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. तो दाबून पसरवायचा आणि बुडबुडा राहू द्यायचा नाही. मधे हवेचा थर राहिला तर डिटेक्टर चालतो, पण सगळे पल्स बुटके येतात. वरून काळ्या टेपचे किमान दोन थर द्यावेत, कोपऱ्यांवर तीन.

सेन्सर जोडण्याआधी मल्टिमीटरने बूस्टरचं व्होल्टेज पाहा. २९ ते ३० च्या मध्ये असेल तर पुढे जा. साडेचार-पाच व्होल्टच दिसत असतील तर बूस्टर स्विच करतच नाही: आत येणारं व्होल्टेज कॉइल आणि डायोडमधून तसंच बाहेर येतं आहे. अशा वेळी बहुधा चिपच्या एखाद्या पायाचा सांधा कच्चा असतो. भिंगाखाली पाहून फ्लक्स लावा आणि तेवढाच पाय पुन्हा गरम करा. सेन्सर सोल्डर करताना दिशा दोनदा तपासावी. तो उलटा लागला की बाकी सारं ठीक असूनही नोंद शून्य राहते. सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या पारदर्शक खिडकीला लागलं तर सेन्सर गेलाच समजा, आणि सगळ्या यादीतल्या महागड्या भागांपैकी एक तोच आहे.

पहिल्यांदा चालू केल्यावर सेकंदाला शेकडो नोंदी आल्या तर आनंदून जाऊ नका, तो उजेड आहे. डबीवर जाड काळं कापड टाका. आकडा धाडकन उतरला तर टेपमध्ये फट आहे. अंधाऱ्या खोलीत टॉर्च एकेका कडेवरून फिरवली की जागा सापडते. बहुतेक वेळा ती सेन्सरच्या बोर्डापाशीच असते.

कोड चढवताना स्वस्त नॅनो त्रास देतात. पुष्कळांवर सीएच३४० ही यूएसबी चिप असते, तिचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. बोर्ड दिसतो पण अपलोड अडतं, असं झालं तर आर्डुइनोच्या प्रोसेसर यादीत जुन्या बूटलोडरचा पर्याय निवडा. पडद्याचा कोड वेगळा आणि एसडी कार्डाचा वेगळा आहे, कारण नॅनोच्या स्मृतीत दोन्ही मावत नाहीत. ही खरी अडचण आहे: कार्डावर नोंद चालू असताना पडदा काही सांगत नाही. लॅपटॉप जोडून ठेवायची सोय असेल तर पडद्याचाच कोड ठेवून यूएसबीवरून नोंद घेणं जास्त सोयीचं. नोंदीत घटनेचा क्रमांक, वेळ, पल्सची उंची, मृतकाळ आणि तापमान येतं. मृतकाळ म्हणजे डिटेक्टर नोंद लिहिण्यात किंवा पडदा रंगवण्यात गुंतलेला वेळ. तेवढ्यात आलेला कण हुकतो. दर काढताना एकूण वेळातून तो वजा केलाच पाहिजे, नाहीतर पडदा असलेला आणि नसलेला डिटेक्टर वेगवेगळे आकडे देतील आणि दोष म्यूऑनच्या माथी जाईल. नॅनोचं घड्याळही दिवसाला मिनिटभर सहज सरकतं, त्यामुळे लांबच्या मोजणीत संगणकाची वेळ प्रमाण धरावी.

वीज कुठून द्यायची हेही ठरवून घ्या. हलके मोबाइल चार्जर स्विचिंगचा गोंगाट पाठवतात आणि उंबरठ्याजवळच्या (ज्या किमान उंचीचा पल्स मोजला जातो तिच्याजवळच्या) खोट्या नोंदी वाढतात. पॉवर बँक स्वच्छ वीज देते, पण हा डिटेक्टर जेमतेम अर्धा वॉट खातो, आणि इतक्या कमी भाराला अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात. रात्रभराची मोजणी लावण्याआधी तासभर ठेवून खात्री करा.

जोडी लावायची ती साडेतीन मिलिमीटरच्या स्टिरिओ ऑडिओ केबलने. मोनो केबल घेऊ नका. दोन्ही डिटेक्टर जोडून रीसेट केले की एक प्रमुख होतो आणि दुसरा फक्त एकाच वेळी आलेले पल्स नोंदवतो. सिंटिलेटरांमध्ये ५ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर सेकंदाला साधारण ०.१ नोंद मिळते, मिनिटाला सहा. आकडा छोटा वाटतो, पण विश्वासाचा आहे. योगायोगाने जुळणाऱ्या नोंदींचा हिशेब सोपा आहे: दोन्ही दरांचा गुणाकार गुणिले वेळखिडकीची (दोन पल्स ‘एकाच वेळी’ धरायच्या मुदतीची) दुप्पट. प्रत्येकी सेकंदाला २ नोंदी आणि ३० मायक्रोसेकंदांची खिडकी धरली तर त्या हजारात दोन-तीनच निघतात.

आता हवामान. या सेन्सरचं ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर तो काम करू लागतो ते) दर अंशाला सुमारे २१.५ मिलिव्होल्टने वाढतं, बूस्टर मात्र तेच व्होल्टेज देत राहतो. विदर्भातल्या मे महिन्यात खोली २५ वरून ४२ अंशांवर गेली तर दिलेलं व्होल्टेज आणि ब्रेकडाउन यांच्यातलं सुमारे ५ व्होल्टांचं अंतर ०.३७ व्होल्टने आटतं, म्हणजे लाभ (सेन्सर सिग्नल किती पट वाढवतो ते) ७ टक्क्यांच्या आसपास घटतो. काही पल्स उंबरठ्याखाली जातात आणि दुपारी म्यूऑन ‘कमी’ होतात. तापमानाचा रकाना दुर्लक्षून केलेल्या आलेखांत हा दिवस-रात्रीचा झोका हमखास दिसतो आणि तो सूर्याच्या नावावर खपवला जातो. त्यात हवेच्या दाबाचीही भर पडते: दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की म्यूऑन ०.१ ते ०.२ टक्क्यांनी घटतात. आपल्याकडे दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, चारच्या सुमारास उतरतो. दाब मोजणारं मॉड्यूल यात नाही. ते वेगळं घेऊन शेजारी ठेवावं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे सूर्य. ‘सौरवादळ घरी पकडा’ या आशेने हा डिटेक्टर घेणाऱ्यांनी नीट ऐकावं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ फार कडक पहारा देतं. महाराष्ट्रात वरून आत शिरायला प्रोटॉनला साधारण १६-१७ जीव्हीची कडकता (रिजिडिटी, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला न वळता पुढे जाण्याची ताकद, गिगाव्होल्टमध्ये) लागते, फिनलंडमधल्या औलूला जेमतेम ०.८. सूर्याचे वेगवान प्रोटॉन बहुतेक वेळा काही जीईव्हीपर्यंतच (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट; इतक्या वेगवान प्रोटॉनला हा आकडा जीव्हीच्या जवळपासच असतो) पोचतात, त्यामुळे ते थेट इथे दिसतच नाहीत. आपल्याकडे दिसू शकते ती उलटी गोष्ट, फोरबुश घट. सूर्याने फेकलेला चुंबकित ढग पृथ्वीवरून जाताना दीर्घिकेतून येणारे किरण अडवतो आणि म्यूऑन काही दिवस कमी होतात. मे २०२४ च्या मोठ्या वादळात ध्रुवांकडच्या न्यूट्रॉन मॉनिटरांनी (वैश्विक किरणांपासून बनलेले न्यूट्रॉन मोजणाऱ्या केंद्रांनी) ही घट ठळकपणे टिपली, पण आपल्या अक्षांशांवर म्यूऑनमध्ये अशी घट थोड्याच टक्क्यांची असते. जोडीच्या दिवसभराच्या ८,६०० नोंदींचं वर्गमूळ ९३, म्हणजे १ टक्क्याहून थोडी जास्त अनिश्चितता. दोन टक्क्यांची घट त्यात पुसट दिसेल, तीही दाब-तापमानाची दुरुस्ती चोख असेल तरच.

याच अक्षांशांवर ते काम करायचं तर काय लागतं हे उटीला दिसतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ग्रेप्स-३ प्रयोगात ३,७१२ प्रपोर्शनल काउंटरांची (कण टिपणाऱ्या वायूभरल्या नळ्यांची) ५६० चौरस मीटरची म्यूऑन दुर्बीण आहे आणि ती दिवसाला सुमारे ४०० कोटी म्यूऑन मोजते. २२ जून २०१५ ला तिने दोन तासांचा म्यूऑनचा उसळता लोंढा टिपला: सौरवादळाने पृथ्वीचं चुंबकीय कवच तात्पुरतं कमजोर केल्याचा तो पुरावा होता. तिथल्या तत्त्वात आणि तुमच्या टेबलावरच्या डबीच्या तत्त्वात फार अंतर नाही. अंतर आहे ते क्षेत्रफळाचं. सूर्याचाच ध्यास असेल तर न्यूट्रॉन मॉनिटर डेटाबेसवर औलूचे आकडे फुकट मिळतात, ते आपल्या आलेखाच्या शेजारी ठेवा.

डिटेक्टरची जोडी खरी खुलते ती कोनाच्या आणि उंचीच्या प्रयोगात. अंतर वाढवून १५ सेंटिमीटर करा, लाकडी पट्टीवर बांधा आणि उभ्या रेषेपासून ०, ३०, ६०, ९० अंशांवर मोजा. कोसाइनच्या वर्गाप्रमाणे दर उतरताना पाहणं हा पदवीच्या प्रयोगशाळेतला उत्तम प्रयोग आहे. अंतर वाढल्याने नोंदी फार घटतात, प्रत्येक कोनाला किमान एक पूर्ण रात्र लागते. उंचीसाठी घाटाच्या पायथ्याच्या पोलादपूरला एक दिवस आणि महाबळेश्वरला एक दिवस पुरे. सुमारे १,३५० मीटर उंचीवर दर १५ टक्के किंवा त्याहून जास्त वाढायला हवा, आणि १ टक्का अनिश्चिततेत ते निःसंशय दिसतं. दोन्हीकडे छप्पर सारखंच हलकं असू द्या.

नॅनो, पडदा, कार्ड, रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत मिळतात. अडतं ते सिंटिलेटर आणि सेन्सर यांपाशी. ते बाहेरून मागवावे लागतात आणि सुटे एक-दोन मागवले तर टपाल व सीमाशुल्कच वस्तूला जड जातं. दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून दहाचा संच मागवावा, त्यात एक सेन्सर जास्तीचा धरावा. पावसाळ्यात डबी सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा आणि मोजणीला काढण्याआधी कार्डाचे संपर्क पुसून घ्या.