कॅश कार्ड, डेबिट की क्रेडिट: कोणतं कशासाठी?

कॅश कार्डात आधी पैसे भरायचे आणि भरले तेवढेच खर्चायचे. डेबिट कार्डामागे आपलं बँक खातं असतं, क्रेडिट कार्डामागे बँकेची उधारी. मशीनवर टेकवताना तिन्ही सारखीच. फरक कळतो काही बिनसलं की.

अनोळखी संकेतस्थळावरून कार्डाचा तपशील चोरीला गेला, तर डेबिट कार्डातून थेट खात्यातला पगार जाऊ शकतो. तक्रार केल्यावर बँक तो परत देईलही, पण तोवर हप्ते थांबत नाहीत. कॅश कार्डात फटका शिलकीपुरताच. म्हणून तर लोक ते ऑनलाइन खरेदीला, मुलांच्या हातखर्चाला किंवा प्रवासासाठी वेगळं ठेवतात. मात्र कार्ड आपल्या नावावर नोंदवलेलं नसेल आणि हरवलं, तर त्यातले पैसे गेले असंच धरून चालावं.

कॅश कार्डांतही प्रकार आहेत. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं चिन्ह असलेलं बऱ्याच ठिकाणी चालतं. एखाद्या दुकानाचं गिफ्ट कार्ड त्या दुकानापुरतंच. हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड १९९७ मध्ये प्रवासभाड्यासाठी सुरू झालं आणि पुढे दुकानांतही चालू लागलं. त्याची शिल्लक चिपमध्येच नोंदलेली असते, म्हणून स्थानकावरचं फाटक उघडायला बँकेला विचारत बसावं लागत नाही.

खरी मेख शुल्कांत आहे. कार्ड घेताना, पैसे भरताना, एटीएममधून काढताना, परकीय चलनात खर्च करताना, आणि काही कार्डांवर तर ते नुसतं पडून राहिलं तरी पैसे कापले जातात. (वापरलं नाही म्हणून दंड, हे मला अजून पटलेलं नाही.) शुल्कांचा तक्ता वाचल्याशिवाय कार्ड घेऊच नका, मुदत कधी संपते तेही बघा.

हॉटेल किंवा भाड्याच्या गाडीसाठी क्रेडिट कार्डच सोयीचं. तिथे अनामत म्हणून बिलापेक्षा जास्त रक्कम अडकवून ठेवतात. कॅश कार्डात तेवढी शिल्लक नसेल तर व्यवहारच नाकारला जातो. वेळेवर फेडलेल्या उधारीची नोंद पुढे कर्ज घेताना कामी येते, कॅश कार्डाने सहसा ती तयार होत नाही. पण दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमत नसेल, तर क्रेडिट कार्डाच्या व्याजापुढे कॅश कार्डाची शुल्कं परवडली.

माझं मत विचाराल तर पगाराचं खातं आणि त्याचं डेबिट कार्ड मुख्य ठेवा, कॅश कार्ड जोडीला, आणि त्यात आठवड्याच्या खर्चापेक्षा जास्त भरू नका.