घरचा अंतरपाट की इंग्लंडची नोंदणी?

पुण्यातला एक मित्र अडलाय. तो आणि त्याचा जोडीदार, दोघेही पुरुष, लग्न करणार हे पक्कं, पण इथे भटजी बोलावून की इंग्लंडला जाऊन नोंदणी करून?

भारतातल्या कायद्यापुरतं बोलायचं तर दोन्हींची किंमत सारखीच, शून्य. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. तिकडचं सर्टिफिकेटही इथे चालत नाही. कायमचं तिकडे जायचं असेल तरच ते उपयोगी.

खटपट? इंग्लंडला लग्नासाठीचा वेगळा व्हिसा, आधी आठवडाभर मुक्काम, मग लग्नाची नोटीस, मग निदान 28 दिवस थांबणं. विमानभाडं वेगळंच. इथे तयार होणारा भटजी शोधणं, हीच काय ती पायपीट. कन्यादान गाळायचं, अंतरपाट दोन नवरदेवांमध्ये धरायचा, सप्तपदी तशीच.

धर्माचं गणित मात्र उफराटं आहे. तिकडे 2014 पासून सरकार लग्न लावतं, पण चर्च ऑफ इंग्लंड आपल्या चर्चमध्ये लावत नाही. इकडे सरकार नाही म्हणतं आणि एखादा भटजी हो म्हणतो! नाकं मुरडणारी आत्याही कोर्टाच्या निकालाने नाही, हातात अक्षता आल्या की विरघळते, असं आपलं माझं मत.

परदेशात नोकरी-बिऱ्हाड ठरलं असेल तर नोंदणीच करा. इथेच राहायचंय, घरच्यांना सोबत घ्यायचंय, तर मंगलाष्टकं. पण त्याच आठवड्यात दोघांची मृत्युपत्रं करा आणि बँकेत संयुक्त खातं उघडा, आपापल्या स्वतंत्र खात्यांवर एकमेकांना नॉमिनी लावा. खातं आणि नॉमिनी यांना आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलंय.