‘सुरुवातीला शुगर वाढेल, घाबरू नका’ असं कोणी सांगितलं तर

माझी आई तासगावला असते. वय 62, मधुमेहाला 9 वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू होत्या, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) 7.2, म्हणजे गाडी रुळावर होती. दिवाळीनंतर भजनी मंडळातल्या एका काकू तिला मोफत आरोग्य शिबिराला घेऊन गेल्या.

तिथे तिच्या हातात पितळेची नळी दिली. नळीची वायर लॅपटॉपला जोडलेली. तिथल्या एका मुलाने नाव, वय, उंची, वजन टाइप केलं आणि मिनिटभरात पस्तीस पानांचा रंगीत रिपोर्ट निघाला. रक्ताचा एक थेंबसुद्धा घेतला नाही. क्रोमियम, झिंक, मॅग्नेशियम, सेलेनियम, सगळं लाल. "मावशी, तुम्हाला मधुमेह नाहीच, खनिजं कमी पडलीत. ती भरून काढली की गोळ्या सुटतील." तीन महिन्यांचा कोर्स 13,500 रुपयांचा, त्यात थेंबांच्या तीन बाटल्या आणि पावडरचा डबा. पैसे कुणाच्या तरी खासगी मोबाइल नंबरवर गेले, पावती नाही.

निघताना तो म्हणाला, "पहिले दोन महिने शुगर वाढेल. घाबरू नका, तपासत बसू नका. शरीरातली घाण बाहेर पडत असते."

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण आम्हाला खरं बुडवलं ते या वाक्याने. कारण त्यानंतर जे जे बिघडत गेलं, ते ते आईला गुण आल्याची खूण वाटलं. उशाशी एक तांब्या असायचा, तिथे दोन आले. रात्री पाच-पाच वेळा लघवीला उठायची, तर म्हणायची घाण चाललीय. वजन चार किलो उतरलं. दोन ब्लाउज शिंपिणीकडे आत घ्यायला टाकले आणि मला पुण्याला फोन करून आनंदाने सांगितलं. मीही "छान गं" म्हणाले. गोळ्या बंद केल्याचं तिने मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. हे मला आजही लागतं.

फेब्रुवारीत थंडी वाजून ताप आला. लघवीत जंतुसंसर्ग, शुगर 412, एचबीए1सी 10.9. पाच दिवस दवाखान्यात काढले.

तिथल्या डॉक्टरांनी मॅग्नेशियमही तपासलं, आणि ते खरोखरच कमी निघालं. मी चक्रावले. म्हणजे तो मुलगा खरं बोलत होता? डॉक्टरांनी समजावलं की शुगर खूप वाढली की लघवी जास्त होते आणि तिच्याबरोबर मॅग्नेशियम वाहून जातं. गोळ्या बंद केल्यामुळेच ही गळती वाढली असणार. त्यांनी आधी क्रिएटिनिन पाहिलं, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम अंगात साठतं आणि हृदयापर्यंत त्रास जातो. मग थोड्या दिवसांपुरत्या साध्या गोळ्या दिल्या. मधुमेहाची औषधं मात्र चालूच ठेवायची, हे दोनदा बजावलं. क्रोमियमचं विचारलं, तर म्हणाले की शरीराला ते अगदी सूक्ष्म लागतं आणि आपल्या जेवणातून मिळतं. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही कमतरता नसताना शुगरसाठी ते घ्या असं सांगत नाही.

मला चैन पडेना. मार्चमध्ये मी स्वतः त्या शिबिरवाल्यांच्या दुसऱ्या गावातल्या शिबिराला गेले आणि वय खरं, 36, सांगितलं. आठवड्याने तिसऱ्या गावी गेले, तेव्हा दुसरं नाव आणि वय 58 सांगितलं. पहिल्या कागदावर क्रोमियम पुरेसं, दुसऱ्यावर अत्यंत कमी. हात तोच, नळी तशीच.

घरी डबा उलटून पाहिला. मागे अगदी बारीक इंग्रजीत छापलं होतं, ‘औषधी वापरासाठी नाही’. वर एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर. हाच नंबर दाखवून त्याने आईला "सरकारमान्य आहे" म्हटलं होतं. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे. त्याने मधुमेह बरा होतो असं सरकारने कुठेही म्हटलेलं नाही. उलट मधुमेह बरा करण्याच्या औषधी जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. शिबिरवाल्यांचं व्हॉट्सॲपवर फिरणारं पोस्टर, दोन्ही रिपोर्ट आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जोडून मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला, तिथेही नोंद झाली. पैसे अजून आलेले नाहीत.

तुमच्या घरी असा डबा दिसला तर "बंद कर" म्हणून ओरडू नका, माणूस लपवायला लागतं. आधी विचारा, गोळ्या चालू आहेत ना? आणि त्याच दिवशी शुगर तपासा.

त्या काकूंवर मी चिडले होते. परवा त्यांच्या घरी गेले, तेव्हा कळलं की त्यांनी स्वतः तीन कोर्स घेतलेत आणि काकांच्या गोळ्या जानेवारीपासून बंद आहेत. काका कॉटवर बसले होते, शेजारी पाण्याची कळशी. मी पर्समधून ग्लुकोमीटर काढला. काकू "नको गं, घाण निघतेय त्यांची" म्हणत राहिल्या, पण काकांनी बोट पुढे केलं.